ताईंची दुसरी वही

त्या हंगामात माझ्याकडे आमच्या संस्थेची अकरा अभ्यासकेंद्रं होती, सगळी ऊसतोड टोळ्यांच्या वस्त्यांवर. महिन्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी जायचं, हजेरी बघायची, चार मुलांना वाचायला लावायचं, फॉर्म भरायचा. वाळवा तालुक्यातल्या एका केंद्राबद्दल मी लागोपाठ दोन महिने तेच लिहून दिलं होतं : पटावर ३४, प्रत्यक्षात ६. केंद्र बंद करावं, अशी शिफारस तिसऱ्या भेटीआधीच लिहून माझ्या पिशवीत ठेवलेली होती.

जानेवारीत गेले तेव्हाही तसंच. अकरा वाजता कोप्यांच्या, म्हणजे तोडणी मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांच्या, मधल्या मोकळ्या जागेत केंद्र चालवणाऱ्या ताई सतरंजी टाकून बसलेल्या, समोर सहा लेकरं. त्यांतली दोन तर अजून शाळेच्या वयाचीही नव्हती. ताई त्याच गावच्या, बीए झालेल्या. मी विचारलं, "बाकीची?" त्या म्हणाल्या, "फडात." म्हणजे ऊस तोडायच्या शेतात. मी ६ हा आकडा लिहिला.

संध्याकाळी परतायला निघाले, तर गावाबाहेर उसाची ट्रॉली रस्त्यावर आडवी झालेली. मोळ्या सगळीकडे विखुरलेल्या, दोन्ही बाजूंनी वाहनं अडकलेली आणि शेवटची एसटी पलीकडेच थांबलेली. ताई म्हणाल्या, "मॅडम, आजची रात आमच्याकडंच ऱ्हावा." राहिले.

पहाटे साडेचारला त्यांनी हाक मारली. "येताय का? आता पोरं गावतील."

बाहेर धुकं होतं. वस्तीवर मात्र सगळे जागे. तीन दगडांच्या चुलीवर बायका भाकरी थापत होत्या, पुरुष टायरगाड्यांना बैल जुंपत होते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. टोळीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती जोडीच्या नावावर, त्यामुळे दोघांपैकी एक जण जरी मागं राहिला तरी खाडा पडतो. म्हणून तान्हं पोर आईच्या कडेवरून उतरतं ते थेट मोठ्या बहिणीच्या कडेवर. मुलं पहाटे जागी असतात ती यासाठीच.

गाड्यांची घुंगरं लांब गेली आणि कोप्यांतून एकेक करत मुलं आली. कुणी गोधडी गुंडाळून, कुणी भाकरीचा तुकडा चघळत, कुणी भावंडाला घेऊन. ताईंनी चार्जिंगचा दिवा मध्ये ठेवला. मी मोजली : सत्तावीस. दीड तास वर्ग चालला. उजाडल्यावर मोठी मुलं आईबापांची भाकरी आणि पाण्याची कळशी घेऊन फडाकडे गेली. तिथं दिवसभर वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करायचे, मोळ्या बांधायला हात लावायचा. ती आता थेट दिवस मावळताना येणार. अकरा वाजता तिथं सहा लेकरं का असतात, ते मला तिसऱ्या भेटीत कळलं.

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"वेळ अकराची दिलीया. म्हणून अकरालाबी बसते. पहाटेचं लिहायला फॉर्मात जागा कुठं हाय?"

मग त्यांनी पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली. संस्थेचं हजेरीपत्रक वेगळं, ही त्यांची स्वतःची. प्रत्येक मुलापुढे रकाने : पहाटे, फडात, आजारी, गेलं. शेजारी मुलाचं मूळ गाव, तिथली इयत्ता, मुकादमाचा नंबर आणि शाळेकडून शिक्षण हमी कार्ड आणलंय की नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून हे कार्ड गावची शाळा देते. बहुतेकांच्या पुढे 'नाही' होतं.

या एका शब्दात किती काय अडकलेलं असतं! शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळाला पाहिजे, असं तो सांगतो. पण टोळी निघते दसरा-दिवाळीच्या सुमाराला, परतते उन्हाळ्यात. गावच्या शाळेत मूल गैरहजर आणि इकडच्या शाळेत त्याचं नावच नाही. शाळा तीन किलोमीटरवर असते, मधे उसाच्या ट्रॅक्टरांचा रस्ता असतो आणि कडेवर भाऊ असतो.

त्या वर्गात बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली एक मुलगी होती. दहा वर्षांची असेल. माझ्या दोन्ही फॉर्मांत ती अनुपस्थित होती. मी वाचनाचा कागद पुढे केला. त्यावर आधी अक्षरं, मग शब्द, मग परिच्छेद, शेवटी गोष्ट. तिनं अक्षरांकडे बघितलंच नाही, सरळ गोष्टीवर बोट ठेवलं. पाचटानं, उसाच्या वाळल्या पाल्यानं, बोटांवर बारीक चिरा पडलेल्या, काही ताज्या. कडेवरचा भाऊ कागद ओढायला लागला, तसं तिनं त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. ओळीवरचं बोट मात्र हललं नाही. 'दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मामाच्या गावाला जातो' या वाक्यापाशी थांबून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"दिवाळीला तं आमी हिकडं येतोत."

एवढं बोलून तिनं पुढचं वाक्य वाचायला घेतलं. गोष्ट शेवटपर्यंत वाचली.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, पुढे ते कोसबाडला नेलं. मूल येत नाही तर शाळा त्याच्या अंगणात न्यायची म्हणून अंगणवाडी, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावरच कुरणशाळा. हे मी प्रशिक्षणात दरवर्षी इतरांना शिकवत होते, आणि माझ्या फॉर्मात वेळेचा रकाना एकच होता!

शिफारस मी तिथंच चुलीत घातली. ताईंच्या ओट्यावर बसून त्यांची वही उतरवून घेतली, सत्तावीसच्या सत्तावीस नावं. फॉर्मात मावेना म्हणून मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. कार्यालयात दोन बैठका झाल्या. कुणी मला खोटं पाडलं नाही, पण पहाटेची हजेरी तपासणार कोण, हा प्रश्न बराच वेळ चालला. मी येईन म्हणाले. केंद्राची वेळ पाच ते साडेसहा झाली.

फेब्रुवारीत मी पहाटेच पोचले. निम्म्या कोप्या मोडून नेलेल्या होत्या. त्या बाजूचा फड संपल्यामुळे मुकादमानं दोन दिवसांपूर्वी टोळी हलवली होती. उरले होते चुलीचे दगड, पाचटाचा ढीग आणि एक फुटकी बाहुली. ताईंच्या वहीत त्या मुलीच्या नावापुढे 'गेलं' लिहिलेलं होतं आणि त्याच्याखाली टोळीचा नवा पत्ता, कऱ्हाडच्या बाजूचा.

त्या भागातलं केंद्र माझ्याच अकरांतलं. तिथल्या ताईंना लगेच फोन लावला. पहाटेची वेळ ठेवा म्हटलं. आणि ती मुलगी कशी ओळखायची तेही सांगितलं : चौथीतली आहे, कडेवर भाऊ असेल, अक्षरांपासून सुरुवात करू नका, तिला गोष्ट वाचता येते.