गाळाच्या कृपेने

नाशिककडे पावसाने जोर धरला की बातम्यांमध्ये नांदूर मध्यमेश्वर हे नाव हमखास ऐकू येते. त्यापुढे क्युसेकचा आकडा असतो, आणि मराठवाड्यातील माणूस त्यावरून जायकवाडीचा हिशेब मांडू लागतो. याच बंधाऱ्याच्या मागे, निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर, पक्ष्यांचे अभयारण्य आहे.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी, ब्रिटिश अमदानीत हा बंधारा बांधला गेला, तेव्हा पक्ष्यांचा विचार अर्थातच कोणी केला नव्हता. पाणी अडवून ते कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडे न्यायचे, एवढाच हेतू होता. परंतु नद्या दर पावसाळ्यात पाण्याबरोबर माती घेऊन आल्या, ती फुगवट्यात बसत गेली, आणि शंभर वर्षांत जलाशयाचा तळ इतका वर आला की जागोजागी बेटे उघडी पडली, उथळ पाण्याचे पट्टे तयार झाले आणि लव्हाळे माजले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात ही निव्वळ तूट आहे, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेती असणाऱ्याने या गाळाला नावे ठेवली, तर त्याचे काही चुकत नाही. मात्र 1986 मध्ये जाहीर झालेले अभयारण्य आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मिळालेला मान, ही दोन्ही त्या तुटीचीच कमाई आहे, असे मला वाटते.

चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बीण फिरवली की याची खात्री पटते. पाणी किती आहे यापेक्षा ते किती खोल आहे, यावर कोण कोठे बसणार हे ठरते. तलवार बदके सहसा बुडी मारत नाहीत. ती शेपूट आभाळाकडे करून मान पाण्यात घालतात, आणि मान पोहोचेल तेथपर्यंतच त्यांचे ताट वाढलेले असते. थापट्या बदके पसरट चोचीने पाणी गाळत गोल गोल फिरतात. शेकाट्याला त्याच्या लांबलचक गुलाबी पायांना पुरेल एवढेच पाणी लागते, तर जांभळ्या पाणकोंबड्या लव्हाळ्याचा देठ पायात धरून सावकाश सोलून खातात. कालव्याचे आवर्तन सुटले, पाण्याची पातळी हलली, की ही सगळी पंगत थोडी इकडे-तिकडे सरकते.

मध्येच दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी खालून घिरटी घालत आला, की वारकरी या पाणपक्ष्यांचा काळा थवा पाण्यावरून पाय आपटत धावत सुटतो. तेवढा वेळ पाहणाऱ्यांमध्येही गप्प कोणी राहत नाही.

हिवाळ्यात येणाऱ्यांचे डोळे परदेशी पाहुण्यांवर असतात, आणि त्यात गैर काहीच नाही. निफाडच्या थंडीत आपण कानटोपी घालून कुडकुडत असताना लडाख-तिबेटच्या पठारांवरून आलेले केशरी चक्रवाक उबेला आल्यासारखे निवांत बसलेले दिसतात. रात्री नदीच्या दोन काठांवर एकमेकांच्या विरहात आक्रंदणारी त्यांची जोडी संस्कृत कवींनी अजरामर केली. दिवसा मात्र ती येथे शेजारी-शेजारी बसून पिसे साफ करत असते.

या गर्दीत बारमाही रहिवाशांना कॅमेरे फारसे विचारत नाहीत. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका मिरवणारे हळदीकुंकू बदक येथलेच, आणि पाणवनस्पतींच्या पानांवर लांब बोटे टाकत चालणारा लांब शेपटीचा कमळपक्षीही येथलाच. हिवाळ्यात त्याची ती शेपूट झडलेली असते आणि रंग फिका पडलेला असतो, त्यामुळे डिसेंबरमध्ये त्याला पाहणाऱ्याला तो सामान्य वाटतो. त्याचे खरे दिवस पावसाळ्यातले: तेव्हा शेपूट डौलदार वाढते, मानेवर सोनेरी पट्टा चमकतो, मादी एकामागून एक नरांसाठी अंडी घालते आणि ती उबवण्याचे व पिले सांभाळण्याचे काम नराकडे राहते. हे सारे घडते तेव्हा मनोऱ्यावर बहुधा चिटपाखरूही नसते, म्हणजे माणसांपैकी.

तेथील एका तरुण वाटाड्याला मी श्रावणात येण्याबद्दल विचारले. त्याने आधी माझ्या बुटांकडे पाहिले, आणि गाडी पक्क्या रस्त्यालाच लावा, पुढे काळी माती आहे, असे बजावले.