पट्टायाहून चोनबुरी: एक मॅच, एक बाजार आणि एक दगडी खल

पट्टायाला जाऊन आलेले आपल्याकडे गल्लीगल्लीत सापडतील, पण त्यातल्या बहुतेकांना माहीत नसतं की पट्टाया ज्या प्रांतात आहे त्याचं नाव चोनबुरी आणि त्या प्रांताच्या मुख्य गावाचा फुटबॉल क्लब एकेकाळी अख्ख्या थायलंडचा चॅम्पियन होता. मी कोल्हापूरचा, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर वाढलेलो, त्यामुळे फॅमिली ट्रिपमध्ये एक दिवस या क्लबसाठी काढायचा हे मी विमानात बसायच्या आधीच ठरवलं होतं. बायको मेव्हणीबरोबर शॉपिंगला, आणि मी नि पोरगा चोनबुरीला, असं वाटप झालं.

हा 2024-25 चा सीझन. क्लब तेव्हा थाई लीग 2 मध्ये, म्हणजे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता. 2006 ला वर आलेला संघ सलग 18 सीझन वरच्या लीगमध्ये राहिला आणि 2024 मध्ये खाली घसरला. खरं सांगायचं तर म्हणूनच मला जायचं होतं. जिंकणाऱ्या टीमच्या मागं कुणीही जातं, पडल्यावर गाव काय करतं ते बघायचं होतं.

आधी नावाची गंमत. चोनबुरीतलं 'चोन' म्हणजे आपलं 'जल' आणि 'बुरी' म्हणजे पुरी, थोडक्यात जलपुरी! क्लबचं टोपणनाव 'चालाम चोन', चालाम म्हणजे शार्क, म्हणजे जलपुरीचे शार्क. स्टेडियमला ते 'सनाम किला' म्हणतात आणि त्यातलं 'किला' म्हणजे आपली क्रीडा. पोराला हे सांगितल्यापासून तो प्रत्येक पाटीत मराठी शोधत होता.

जायचं कसं ते नीट वाचा, कारण आम्ही इथंच चुकलो. पट्टायाहून बँकॉककडे जाणाऱ्या गाड्या दोन रस्त्यांनी जातात, काही जुन्या सुखुमवित रोडने गावं घेत घेत आणि काही मोटरवेने. आम्ही न विचारता जी व्हॅन समोर होती तीत बसलो, ती मोटरवेने सुटली आणि चोनबुरी शहर बाजूलाच राहिलं, शेवटी एका रेस्ट एरियात उतरून टॅक्सी करावी लागली, पैसे गेलेच पण ऊन्हात तासभर गेला तो वेगळा. त्यामुळे चढायच्या आधी 'चोनबुरी, सुखुमवित?' एवढं विचाराच. बँकॉकहून येत असाल तर एकामाई बस स्टँडवरून गाडी धरा, दीड-दोन तास लागतात. आणि रात्री मॅच संपल्यावर पट्टायाला परतायच्या भरवशावर राहू नका. आम्ही बांगसेनला रूम घेतली होती, समुद्राकाठचं गाव, बँकॉकची माणसं सुट्टीला येतात तिथं, युनिव्हर्सिटी असल्यामुळे खायला-प्यायला स्वस्त, आणि स्टेडियमपासून टॅक्सीनं जवळ.

आता क्लबचा इतिहास, कारण तो माहीत नसेल तर मॅच बघून निम्मंच कळेल. थायलंडमधला जुना फुटबॉल म्हणजे बँकॉकचा फुटबॉल, आणि तोही बँकांचा, लष्कराचा, बंदर खात्याचा. थाई फार्मर्स बँकेचा संघ तर 1994 आणि 1995 ला सलग दोनदा आशियातला क्लब चॅम्पियन झाला, आणि 2000 मध्ये बंद करून टाकला! मुंबईच्या महिंद्रा युनायटेडचं 2010 ला जे झालं तेच, मालकाने ठरवलं की संपलं, कारण त्या संघाच्या मागं कुठलं गाव नसतं. गावांच्या संघांसाठी 1999 पासून वेगळी प्रांतिक लीग होती. 1997 साली सुरू झालेला चोनबुरी त्यातलाच. 2005 ला ती लीग जिंकली आणि पुढच्या वर्षी चोनबुरी आणि सुपानबुरी या दोघांना देशाच्या मुख्य लीगमध्ये घेतलं.

आणि दुसऱ्याच सीझनला, 2007 ला, चोनबुरी चॅम्पियन! कोच जादेत मीलाप, गावचा संघ, निळे शर्ट. प्रांतातला संघ बँकॉकवाल्यांच्या नाकावर टिच्चून विजेता झाला आणि मग प्रत्येक प्रांताला वाटायला लागलं आपलाही असा क्लब पाहिजे. आज थायलंडमध्ये गावोगावी स्कार्फ घालून माणसं मॅचला जातात, त्यात या 2007 चा वाटा फार मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

2008 ला आशियाई चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा. जपानमध्ये ओसाकाला जाऊन गाम्बा ओसाकाशी 1-1 बरोबरी, मेलबर्न व्हिक्टरीला 3-1 हरवलं. आणि गाम्बा ओसाका त्या वर्षी ती स्पर्धा जिंकला! म्हणजे पुढे आशिया जिंकणाऱ्या संघाला त्यांच्या घरात चोनबुरीने रोखलं होतं, हे वाचून मी रात्री पोराला उठवून सांगितलं होतं.

त्यानंतरचं मात्र वाचताना त्रास होतो. 2008, 2009, 2011, 2012, 2014, पाच वेळा लीगमध्ये दुसरा नंबर. मुआंगथोंग आणि बुरीराम या पैसेवाल्या क्लबांचा जमाना आला आणि चोनबुरी प्रत्येक वेळी एक पायरी खाली. 2010 ला एफए कपच्या, म्हणजे लीगपेक्षा वेगळ्या, हरला की बाहेर अशा स्पर्धेच्या फायनलमध्ये त्याच मुआंगथोंगला 2-1 हरवलं, तेवढा आनंद. 2016 चा एफए कपही नावावर आहे पण तो वाटून घेतलेला, राजे भूमिबोल यांचं ऑक्टोबरमध्ये निधन झालं, सीझन थांबला आणि सेमीफायनलच्या चारही संघांना विजेते म्हणून जाहीर केलं.

क्लबच्या मागं खुनप्लूम घराणं, इथल्या राजकारणातलं मोठं नाव, आपल्याकडे कारखान्याचे चेअरमन आणि तालमीचे अध्यक्ष एकच असतात तसं समजा. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी पोरं घडवली ते. विथाया लाओहाकुल, जर्मनीच्या बुंडेसलिगात खेळलेला पहिला थाई खेळाडू, तो इथं कोच होता आणि ज्युनियर पोरांवरही त्याने काम केलं. नुरुल श्रीयानकेम, वोराचित कनितश्रीबाम्पेन ही पोरं चोनबुरीतूनच पुढे आली. आणि मग मोठ्या क्लबांत गेली, तेही आलंच. पोरं घडवायची आणि ती दुसऱ्याने न्यायची, असं किती वर्षं चालणार? तरी 2024 पर्यंत चाललं.

मॅच संध्याकाळची. तिकीट मला 100 बाहत पडलं, गेटवरच मिळालं, सेकंड डिव्हिजनला ऑनलाइन धावपळीची गरज नाही. पोस्टरवरची तारीख बघून गोंधळू नका, थाई साल आपल्या इंग्रजी सालापेक्षा 543 ने पुढे, म्हणजे 2024 ला तिथं 2567 लिहितात. मॅचची वेळ आणि दिवस ऐनवेळी बदलू शकतात, तर क्लबचं फेसबुक पेज आदल्या दिवशी परत बघा, फोनच्या कॅमेऱ्यातून भाषांतर होतं. संध्याकाळी 6 ला सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागतं, बस स्टँडवर असाल तरी सगळे उभे राहतात, तुम्हीही थांबा.

स्टेडियम साधारण साडेआठ हजारांचं. भरलेलं नव्हतं. पण ढोलवाल्यांचा स्टँड पूर्ण 90 मिनिटं उभा होता, आणि त्यात शाळेतली पोरं, ऑफिसच्या ड्रेसमधल्या बायका, आणि आमच्या शेजारी एक आजोबा, अंगात धुऊन धुऊन पांढरट झालेला निळा शर्ट. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला थाई येत नाही. मी फोनवर 2007 लिहून दाखवलं तर त्यांनी माझा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला, बाकी काही बोलले नाहीत. गोल झाला तेव्हा सगळा स्टँड 'प्रतू' ओरडला, प्रतू म्हणजे दार, गोललाही तेच म्हणतात, आणि आजोबांनी पोराला उचलायचा प्रयत्न केला, चौदा वर्षांचं घोडं ते, उचललं गेलं नाही, मग दोघं एकमेकांना धरून नाचले. मला पेठेतल्या मॅचेसची आठवण आली आणि घसा दाटला.

खायचं: स्टेडियमबाहेर सगळं मांसाहारी, भाजलेले सॉसेज, मांसाचे गोळे, चिकन. शाकाहारी असाल तर 'किन जे' म्हणा, आणि फिश सॉस नको असेल तर 'माई साई नाम प्ला', नाहीतर भाजीतही पडतो. बांगसेनजवळ नोंगमोन बाजार आहे तिथं 'खाओ लाम' घ्या, बांबूच्या नळीत नारळाचं दूध घालून भाजलेला चिकट गोड भात, नळी फोडून खायचा, दोन घेतल्या तर दिवसभर पोट भरलेलं राहतं. जमलं तर ऑक्टोबरच्या सुमाराला जा, चोनबुरीत रेड्यांच्या शर्यती असतात, आपल्या बैलगाडा शर्यतीच्या शौकिनांना वेड लागेल. पण तेव्हा पाऊस असतो, निवांत फिरायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

व्हिसाचे नियम बदलत असतात, निघायच्या आधी बघून घ्या, आणि मे 2025 पासून विमानात बसण्याआधी ऑनलाइन अरायव्हल कार्डही भरावं लागतं.

त्या सीझनच्या शेवटी चोनबुरी परत वरच्या लीगमध्ये गेला. बातमी पोरानेच दाखवली, शाळेला जाताना, एक पाय बुटात नि एक बाहेर. म्हणजे आता गेलात तर गर्दी जास्त असेल, तिकिटाचं आधी बघा.

आणि हो, दुसऱ्या दिवशी सकाळी आंगसिलाला नक्की जा. ते गाव दगडी खलबत्त्यांसाठी प्रसिद्ध आहे, रस्त्याच्या कडेने दुकानंच दुकानं. आम्ही मधल्या साइजचा घेतला, ठेचा त्यात काय होतो म्हणून सांगू! फक्त तो हँडबॅगेत टाकू नका, चेक-इनमध्ये टाका आणि त्यासाठी येतानाच चार-पाच किलो जागा ठेवून या.