गाणं वाजतंय, गायिका गायब

ताईच्या रिसेप्शनला डीजे नको, हे बाबांनी आधीच जाहीर केलं होतं. "माणसांना एकमेकांशी बोलता आलं पाहिजे" हे सांगायचं कारण, आणि डीजेवाल्याने मागितलेले १८ हजार हे खरं कारण. कार्यालयाची साउंड सिस्टीम भाड्यातच होती. मी म्हटलं, गाणी मी लावतो.

सात ते दहा, तीन तास. गाण्याला चार मिनिटं धरली तर ४५ गाणी पुरतात; मी ६० घेतली. निवडताना एक गोष्ट कळली, आपल्या आवडीच्या निम्म्या गाण्यांत कुणीतरी कुणाला तरी सोडून गेलेलं असतं. चाल इतकी गोड की शब्दांकडे लक्षच जात नाही. अशी सात काढली. आठवं माझ्या हातून निसटलं, ते ऐन समारंभात मामांनी पकडलं.

बुकिंगच्या वेळी मॅनेजर म्हणाले, "रेकॉर्डेड म्युझिक लावणार तर लायसन्सचा कागद आणा." घरी येऊन शोधलं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडए) आहे. धार्मिक समारंभात गाणी वाजवली तर तो कॉपीराइटचा भंग होत नाही आणि खुलाशात लग्नाची वरात, लग्नाशी निगडित इतर समारंभ हेही त्यात धरलेत. केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाने जुलै २०२३मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केलं होतं. दोन्हीच्या प्रिंट काढून नेल्या. मॅनेजरनी चष्मा लावून सगळं वाचलं, "बरं" म्हणाले आणि लगेच पुढचं, "पण दहाच्या ठोक्याला बंद. लॉन उघडं आहे." तो नियम मात्र खरा होता.

गाणी सगळी डाउनलोड करून, जुन्या सिम नसलेल्या फोनवर घेतली. ऐन वेळी नेट जायला नको आणि बँकेचा फोन लॉनभर वाजायला नको. कॅसेटवरून उतरवलेली गाणी नव्यांपुढे अगदी मिणमिणती वाटत होती, म्हणून ऑडॅसिटी नावाच्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणला. सुरुवातीला जुन्या रेकॉर्डवरची सनई. आणि ताई स्टेजवर येताना आजीच्या दोन ओव्या. त्या मी स्वयंपाकघरातच मोबाइलवर टिपल्या होत्या, दुसरीच्या शेवटी कुकरची शिट्टी आहे.

रिसेप्शनच्या दिवशी सकाळीच कार्यालयात गेलो, हे फार बरं केलं. ऑपरेटर दादांनी मिक्सरमधून, म्हणजे सगळे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रातून, आलेली वायर फोनला जोडली. पहिलं गाणं लावलं. मागची व्हायोलिनं झकास, आणि गायिका? विहिरीच्या तळातून गातेय असं वाटावं, इतकी लांब. सनई लावली, नुसतं सूंऽऽ. आजी, तेही नाही.

"फाइल खराब आहे तुमची," दादा म्हणाले. इयरफोन लावून त्यांना ऐकवलं, स्वच्छ. मग ते फोनकडे संशयाने बघायला लागले. पंधरा मिनिटं आम्ही तीच वायर काढत-घालत होतो.

शेवटी मावसभावाला फोन लावला. तो एकांकिका स्पर्धांना साउंड करतो. त्याने दोनच प्रश्न विचारले. नव्या गाण्यात फक्त आवाज गायब? आणि सनई पूर्णच गायब? "मग वायर बदल. दोन्ही टोकांना एकेकच पिन असेल ना? ती माईकच्या चॅनलला चालत नाही." झालं असं होतं, की मिक्सरचा तो चॅनल, म्हणजे आवाज आत घ्यायची वाट, वायरीतल्या दोन तारांमधला फरक तेवढा घेतो, म्हणजे मध्ये शिरलेली खरखर आपोआप कटते. आमच्या वायरीतून त्या दोन तारांवर गाण्याची डावी-उजवी बाजू जात होती. दोन्हीकडे सारखं असेल ते कटणार. गायिका बहुतेक वेळा बरोबर मध्ये, म्हणजे दोन्हीकडे सारखीच असते, म्हणून ती गेली. जुनी सनई आणि आजीचं मोबाइल रेकॉर्डिंग तर दोन्हीकडे तंतोतंत सारखं, म्हणून काहीच उरलं नाही.

बाजारातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात एका टोकाला फोनची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगळ्या जाड पिना अशी वायर मिळाली, २५० रुपयांना. दोन पिना दोन चॅनलना लावल्या आणि रिकाम्या लॉनवर सनई घुमली. दादांनी ती वायर निघताना मागून घेतली.

संध्याकाळी गर्दी बुफेकडे सरकली तसा आवाज कमी केला, स्टेजवर फोटोंची रांग लागली तसा थोडा वाढवला. एवढंच काम. ते निसटलेलं आठवं गाणं लागलं तेव्हा मामा जिलेबीची प्लेट घेऊन जवळ आले आणि म्हणाले, "शब्द ऐकलेस का रे?" घाईघाईने पुढचं लावलं.

ओव्या लागल्या तेव्हा आजी पहिल्या रांगेत होती. ताई स्टेजकडे येत होती आणि आजी मात्र मान वळवून स्पीकर शोधत होती. शिट्टी झाली तशी मागे कुणीतरी हसलं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आजी म्हणाली, "गाणी छान होती. पण आधी सांगितलं असतंस तर गॅस बंद केला असता ना."