बॅज जीएलईचा, गाडी एमएलची

दिल्लीहून जुनी डिझेल गाडी आणायची हे मी २०२२च्या दिवाळीत ठरवलं. तेव्हा तिकडे डिझेल गाडीला दहाच वर्षं होती. हरित लवादाचा २०१५चा तो आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये उचलून धरला. त्यामुळे आठ-नऊ वर्षं झालेल्या मोठ्या गाड्या तिथे पडेल भावात निघायच्या. इकडे महाराष्ट्रात आणली की पंधरा वर्षांची मुदत पुरी वापरता यायची.

मला मर्सिडीजची एमएल ही एसयूव्ही हवी होती. पण कुठली? पहिली पिढी, कंपनीच्या कोडमध्ये डब्ल्यू१६३, १९९७ला अमेरिकेत अलाबामाच्या कारखान्यात सुरू झाली. खाली ट्रकसारखी वेगळी चासी, वर बॉडी. नाव एम-क्लास, पण 'एम' बीएमडब्ल्यूने आधीच अडवलेला, म्हणून गाडीवर बॅज 'एमएल'. २००५च्या डब्ल्यू१६४ने ती वेगळी चासी टाकून दिली आणि गाडी एकसंध झाली. माझ्या मते खरी उडी हीच. पुढचं सगळं सुधारणा. २०११ची डब्ल्यू१६६ ही तिसरी, आपल्या चाकणला जुळणी झालेली. तीन लिटरचं व्ही६ डिझेल, २५८ अश्वशक्ती. याच पिढीचं २०१५मध्ये नाव बदलून जीएलई झालं. २०१८ला आलेली चौथी पिढी माझ्या खिशाबाहेरची, तिचा विचारच नव्हता.

दलाल फोनवर म्हणाला, "जीएलई है साहब." फोटोतही मागच्या दारावर जीएलई ३५०डी. आरसी मात्र "मालकाकडे आहे, आल्यावर दाखवतो". दिल्लीत जाऊन दार उघडलं तर स्क्रीन डॅशबोर्डमध्ये बसवलेला. जीएलईत तो वर उभा असतो, टॅब ठेवल्यासारखा. शिवाय जीएलई ३५०डीला नऊ गिअर, हिला सात. चासी नंबर बघून काही कळलं नसतं, कारण १६६ हा आकडा दोन्हींत येतो! शेवटी आरसी हातात आलं: २०१३, एमएल ३५० सीडीआय. दलाल शांतपणे म्हणाला, "एक ही बात है." एकच गोष्ट असेल तर भावही जुन्याच गाडीचा, म्हटलं. तासाभराच्या घासाघिशीनंतर उतरला.

मग एनओसी, म्हणजे गाडी परराज्यात न्यायला आरटीओचा ना-हरकत दाखला. जुन्या मालकाने कर्ज फेडलं होतं, पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बोजा उतरवायच्या फॉर्म ३५वर बँकेची सही होईपर्यंत एनओसीचा फॉर्म २८ पुढे सरकेना. सात आठवडे गेले. (आणायचा विचार असेल तर बोजा उतरल्याशिवाय टोकन देऊ नका. मी दिलं होतं.) जानेवारीत धुक्यातून गाडी आणली, दोन मुक्काम करून.

परराज्यातली गाडी बारा महिने त्याच नंबरवर चालते, म्हणून कितीतरी जण डीएल पाटी मिरवत फिरतात. मला ते नको होतं. नव्या नंबरसाठी फॉर्म २७, नाव बदलायला २९ आणि ३०, विमा, पीयूसी असा गठ्ठा घेऊन आरटीओत गेलो. टॅक्स गाडीची मूळ किंमत आणि वय धरून लागतो, तेव्हा पहिल्या खरेदीचं बिल मागितलं. ते दिल्लीहून मागवण्यात आणखी दहा दिवस. कंपनीच्या नावावर घ्यायचा सल्ला आमच्या सीएने दिला होता. कंपनीच्या गाडीचा टॅक्सचा दर कळल्यावर तो विषय संपला. दिल्लीत भरलेल्या टॅक्सचा परतावा जुन्या मालकाने मागायचा असतो, त्याच्यामागे मी लागलो नाही.

पासिंगच्या दिवशी चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घ्यायला सीटजवळचं कार्पेट उचललं. निरीक्षक मागे गेले आणि थांबले. "आरसीवर एमएल, दारावर जीएलई. कोणती गाडी आणली तुम्ही?"

मी दलालाची कथा सांगायला लागलो. ते म्हणाले, "काढून या." आवारातल्या चहावाल्याकडून गरम पाणी घेतलं, शेजारच्या टेम्पोवाल्याने नायलॉनची दोरी दिली, आणि पाऊण तास अक्षरामागे दोरी घासत बसलो. टेम्पोवाला उभा राहून बघत होता. "साहेब, एवढी महागडी गाडी आणि नाव दोरीनं काढताय," म्हणाला.

तीन आठवड्यांनी एमएच पाटी लागली. दारावर पावसाचं पाणी साचलं की जीएलईच्या डिंकाचा माग अजून दिसतो.