डीयूएफ प्रोटीनचं काम शोधताना: माझा अनुभव

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला लातूरकडच्या आमच्याच तुरीच्या रानातल्या मातीतून काढलेल्या बॅक्टेरियाचं एक प्रोटीन माझ्या वाट्याला आलं, आणि ब्लास्ट मारलं (म्हणजे त्याचा सीक्वेन्स, अमिनो आम्लांच्या अक्षरांचा क्रम, माहीत असलेल्या प्रोटीनांशी ताडून बघितला) की दरवेळी एकच उत्तर, हायपोथेटिकल प्रोटीन, म्हणजे नुसतं जीनवरून अंदाज बांधलेलं. प्रोटीनच्या फॅमिलींची यादी असलेल्या पीफॅममध्ये फॅमिली सापडली पण तीही डीयूएफ, म्हणजे काम माहीत नसलेली. इतक्या बॅक्टेरियांनी जपून ठेवलंय म्हणजे त्याला काहीतरी काम असणारच ना, पण सीक्वेन्स बघून बघून डोळे दुखायले तरी काही हाती लागेना.

मॅडम म्हणाल्या, अगं अक्षरं सोड, आकार बघ, सीक्वेन्स पार बदलला तरी घडी टिकून राहते. सीक्वेन्सवरून प्रोटीनचा आकार सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामच्या डेटाबेसमध्ये २०२२ पासून २० कोटींच्या वर प्रोटीनचे अंदाजित आकार फुकट आहेत, त्यात माझंही निघालं. मधला भाग गडद निळा, म्हणजे खात्रीचा आकडा १०० पैकी ९० च्या वर, शेपूट केशरी, म्हणजे बेभरवशाचं होतं, ते कापलं आणि उरलेलं फोल्डसीकला, म्हणजे सारख्या आकाराची प्रोटीनं शोधणाऱ्या प्रोग्रामला दिलं. गावाकडं होते, लाईट गेलेली, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर रिझल्ट आला: लायपेज (चरबी तोडणारी), एस्टरेज (एस्टर बंध तोडणारी), सगळी अल्फा-बीटा हायड्रोलेज नावाच्या एकाच घडीची एन्झाइमं!

मी लगेच मॅडमला मेसेज टाकला, लायपेज सापडलं. त्यांचा फोन आला, घडी सारखी म्हणून काम सारखंच असं नसतंय बाळा, भातातलं जिबरेलिन हे वाढीचं हार्मोन ओळखणारं जीआयडी१ हे प्रोटीन याच घडीचं आहे, पण ते काही तोडत नाही, नुसतं हार्मोन धरतं, कारण तोडायला सेरीन, ॲस्पार्टेट आणि हिस्टिडीन ही तीन अमिनो आम्लं लागतात, त्यातलं हिस्टिडीनच त्याच्यात राहिलं नाही.

मग अख्ख्या फॅमिलीचे सीक्वेन्स एकाखाली एक लावले आणि कुठंच न बदललेले अमिनो आम्ल आकारावर लाल रंगवले. सेरीन ११२ वर, ॲस्पार्टेट २०३ वर, हिस्टिडीन २३१ वर, साखळीत इतके लांब लांब, आणि मॉडेल फिरवलं तर तिघंही एकाच खोबणीत एकमेकांना खेटून बसलेले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

लॅबमध्ये ई. कोलाय या बॅक्टेरियात प्रोटीन बनवलं तर आधी सगळं गाळातच गेलं, तापमान ३७ वरून १८ वर आणलं तेव्हा कुठं विरघळलेलं मिळालं. पी-नायट्रोफिनाईल ब्युटिरेट टाकलं, ज्याचा एस्टर बंध तुटला की पिवळा रंग येतो, आणि काही मिनिटांत नळी पिवळी. सेरीनच्या जागी अ‍ॅलनीन हे तोडू न शकणारं अमिनो आम्ल घातलेलं प्रोटीन मात्र प्रोटीन न टाकलेल्या नळीसारखंच राहिलं, तीनदा करून बघितलं.

प्रोजेक्टमध्ये मी एवढंच लिहिलं की हे एस्टर बंध तोडतं. मातीत ते नेमकं कुणाचा बंध तोडतं ते अजून शोधायलेय, त्याच्या जीनला लागूनच एका ट्रान्सपोर्टरचा (पेशीच्या आतबाहेर पदार्थ नेणाऱ्या प्रोटीनचा) जीन आहे, आता तिथून सुरुवात केलीय.