वेळेचा रतीब

लंडनमध्ये एकेकाळी एक बाई वेळ विकायची. दुधासारखा रतीबच होता म्हणा ना. रूथ बेलव्हिल तिचं नाव. दर सोमवारी ती ग्रिनिचच्या वेधशाळेत जायची, पिशवीतलं घड्याळ तिथल्या घड्याळाशी ताडून बघायची, ते किती पुढे-मागे आहे याचा लेखी दाखला घ्यायची आणि मग शहरभर फिरायची. गिऱ्हाइकं बहुतेक घड्याळाचे दुकानदार. तिच्या घड्याळावरून ते आपलं लावून घेत आणि वर्षाची वर्गणी देत.

हा धंदा तिच्या वडिलांनी, जॉन हेन्री बेलव्हिल यांनी, 1836 मध्ये सुरू केला. ते वेधशाळेतच नोकरीला होते. लोक ‘बरोबर किती वाजले’ विचारत वेधशाळेच्या दारात येऊ लागले आणि ताऱ्यांकडे बघायचं सोडून दाराकडे बघायची पाळी शास्त्रज्ञांवर आली. त्यापेक्षा वेळच घरपोच दिलेली बरी! ते 1856 मध्ये वारले. मग त्यांच्या पत्नी मारिया हे काम करू लागल्या, आणि 1892 पासून रूथ.

घड्याळ होतं जॉन अर्नोल्ड या नामांकित कारागिराचं, म्हणून घरात त्याचं नावही अर्नोल्डच. ते म्हणे राजपुत्रासाठी, ड्यूक ऑफ ससेक्ससाठी बनवलेलं; पण ‘हे तर बिछाना गरम करायचं भांडं दिसतंय’ म्हणून त्याने ते नाकारलं. त्याची मूळची सोन्याची डबी काढून चांदीची बसवली होती, चोरांची नजर जाऊ नये म्हणून. वेळ कुणी चोरत नाही, सोनं चोरतात.

गंमत अशी की, रूथच्या काळात तारेने वेळ पाठवायची सोय कधीच झाली होती. अशी सेवा विकणाऱ्या कंपनीतल्या एका बड्या माणसाने 1908 मध्ये भाषणात बाईंच्या पद्धतीची टर उडवली, त्या बाई आहेत म्हणूनच त्यांना गिऱ्हाइकं मिळतात असंही सुचवलं. वर्तमानपत्रांत ते छापून आलं, बातमीदार रूथच्या मागे लागले आणि तिचा धंदा वाढला! फुकट जाहिरात करणारा असा प्रतिस्पर्धी सगळ्यांना मिळो.

पण लंडनचा दुकानदार सेकंदांचा हिशेब मागत असताना गिरणीतल्या मजुराकडे घड्याळच नसायचं. त्याची वेळ काठीने यायची. पहाटे एक माणूस किंवा बाई लांब बांबू घेऊन गल्लीतून फिरायची, वरच्या मजल्याच्या खिडकीवर टकटक करायची आणि आतून हालचाल दिसेपर्यंत पुढे जायची नाही. आठवड्याला काही पेन्स मिळत. पूर्व लंडनची मेरी स्मिथ तर नळीतून वाळलेले वाटाणे फुंकून काचेवर मारायची. काही ठिकाणी खाणमजुरांच्या घराबाहेर पाटी असे. तिच्यावर पाळीची वेळ खडूने लिहून ठेवायची, की उठवणारा बरोबर त्या वेळी हजर. रात्रपाळीचे पोलिसही हे काम करून चार पैसे जोडत. मग उठवणाऱ्यांना कोण उठवायचं? बरेचसे रात्रभर झोपतच नसत, दिवसा झोपत.

मला या दोन्ही कामांत आवडतं ते हे, की वेळ सांगणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत चालत यावं लागे. उशीर झाला तर कुणाला तरी बोल लावायची सोय होती. आता गजर मीच लावते आणि मीच बंद करते, भांडू कुणाशी?

बीबीसीच्या रेडिओवर 1924 पासून वेळेचे टोले वाजू लागले. 1936 मध्ये टेलिफोनवर वेळ सांगणारी सेवा आली, तीही एका बाईच्याच आवाजात. रूथ बेलव्हिल तरी 1940 पर्यंत फिरत राहिली, वयाच्या पंचाऐंशीच्या पुढे. टेलिफोनवरची ती बाई एकही जिना न चढता वेळ सांगायची. पण तिच्याकडे वेधशाळेचा सहीचा दाखला कुणी मागितला असता तर?