बॅटल पासात खाडे धरत नाहीत

मी बॅटल पास विकत घेणारा माणूस आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गेमबद्दल वाकडा शब्द काढला की वाचणाऱ्याला वाटतं, आला आणखी एक 'मोबाइल ठेव आणि मैदानात जा' म्हणणारा काका. वय चाळिशीकडे झुकलंय, साताऱ्यात एका विमा कंपनीच्या ऑफिसात क्लेम तपासतो, आणि सांगलीच्या हॉस्टेलवर खिडकीतून लॅनची केबल ओढून डोटा हा टीमने खेळायचा कॉम्प्युटर गेम शिकलो तेव्हापासून हातातला माउस काही सुटलेला नाही. नोकरीमुळे एक खोड मात्र लागली आहे. पॉलिसीच्या पहिल्या पानावर काय मिळणार ते छापलेलं असतं, मी आधी शेवटची पानं उघडतो. पैसे कधी मिळणार नाहीत ते तिथे असतं.

ज्यांच्या घरात हे प्रकरण अजून शिरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गेम फुकट असतो. दोन-तीन महिन्यांचा एक सीझन. त्या सीझनची पन्नास किंवा शंभर लेव्हलची यादी आणि लेव्हलगणिक काहीतरी वस्तू: पात्राचे कपडे, बंदुकीची स्किन (म्हणजे रंगरूप), एखादा नाच. यादीत दोन रांगा. एक फुकटवाल्यांची, बऱ्यापैकी भिकार. दुसरी पासवाल्यांची, झगमगीत. पैसे भरले म्हणजे वस्तू मिळाली असं नाही, भरून झाल्यावर खेळून लेव्हल चढवायच्या. सीझन संपला की यादी बंद. जे उघडलं ते तुमचं, राहिलं ते गेलं. बहुतेक गेममध्ये या वस्तूंनी तुमचा नेम सुधारत नाही की गोळी जोरात लागत नाही. सगळा नटण्यामुरडण्याचा मामला.

यात फसवणूक कुठे आहे? वरवर बघितलं तर कुठेच नाही. उलट आधी जे चाललं होतं त्यापेक्षा हे सभ्य आहे. आधी लूट बॉक्स होते: पैसे द्या, पेटी उघडा, आत काय निघेल ते नशीब. २०१७ च्या नोव्हेंबरात ईए या गेम कंपनीचा 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' आला, त्यात या पेट्यांमधून थेट ताकदच मिळत होती, आणि खेळणाऱ्यांनी असा काही गोंधळ घातला की कंपनीला ऐन प्रकाशनाच्या तोंडावर पैशांची खरेदी थांबवावी लागली. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा काही पेट्या सरळ जुगारात मोजल्या. त्या तुलनेत बॅटल पासात सगळी यादी आधी दिसते, किंमत ठरलेली असते, नशिबाचा भाग नसतो. शिवाय फुकट खेळणाऱ्या लाखो पोरांच्या सर्व्हरचं बिल कुणीतरी भरायचंच असतं. मी भरतो, माझी तक्रार नाही.

या पासाचा जन्म मी जवळून पाहिलाय. २०१३ साली व्हॉल्व्ह या कंपनीने आपल्या डोटा २ च्या 'द इंटरनॅशनल' स्पर्धेसाठी 'कॉम्पेंडियम' नावाची डिजिटल वही काढली. किंमत दहा डॉलर, त्यातले अडीच डॉलर स्पर्धेच्या बक्षिसात. तेव्हा स्टीमवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन गेमच्या दुकानात, रुपयात भाव नव्हते, डॉलरचं कार्ड चालणारा एकच मित्र होता, त्याच्या हातापाया पडून आम्ही घेतली. कंपनीचे मूळ १६ लाख डॉलर होते, वहीच्या विक्रीतून ते २८ लाखांवर गेले. मजा होती, खरंच. कोण जिंकेल याचे अंदाज बांधायचे, आवडत्या खेळाडूंची टीम बनवायची. आपल्या सहाशे रुपयांतले दीडशे सिॲटलच्या स्टेजवर पोचले याचा कोण अभिमान!

मग त्यात लेव्हल आल्या. लेव्हल विकत मिळू लागल्या. २०१६ पासून नाव बॅटल पास झालं. आणि २०२० साली विकलेल्या पासावर दहाव्या इंटरनॅशनलचं बक्षीस चार कोटी डॉलरवर गेलं. (कोविडमुळे ती स्पर्धा झाली २०२१ मध्ये, बुखारेस्टला.) तोंडाने आकडा म्हणून बघा, आणि मग माझ्यासारखा उलटा हिशेब करा. मूळ १६ लाख वजा केले तर उरलेले साधारण ३ कोटी ८४ लाख हा विक्रीचा चौथा हिस्सा. म्हणजे विक्री पंधरा कोटी डॉलरच्या पुढे, आणि त्यातला तीन चतुर्थांश कंपनीचा. सगळ्यांनी दहा-दहा डॉलरचा साधा पास घेऊन एवढी रक्कम जमली असेल असं मला वाटत नाही. सगळ्यात देखण्या वस्तू शेकडो लेव्हल वर टांगलेल्या होत्या, नोकरी करणाऱ्या माणसाने नुसतं खेळून तिथे पोचणं अवघड, आणि खिशातून लेव्हल घेणं एका क्लिकवर. २०२३ मध्ये व्हॉल्व्हनेच हा प्रकार आवरता घेतला. बहुतेक खेळाडू पास घेतच नाहीत, आणि वर्षभराचा सगळा माल या एकाच गोष्टीत कोंबला जातो, असं त्यांनीच सांगितलं. त्या वर्षी बक्षीस घसरून तीस लाखांच्या थोडं वर राहिलं. डोटा मेला मेला म्हणून ओरड झाली. मी अजून खेळतोय.

पण डोटावाले आम्ही बाप्ये. ताईच्या मुलाचं वेगळं. तो दहावीत आहे, मोबाइलवर एक शूटर खेळतो (नाव घेत नाही), आणि त्याला पास घेऊन देण्याचं खातं मामाकडे आहे. गेल्या गणपतीत गौरी जेवणाच्या दिवशी पंगत बसली, पुरणपोळी वाढून झाली, आणि हा वरच्या खोलीत. सीझन संपायला दोन दिवस, हवी ती स्किन सात लेव्हल लांब. वर जाऊन विचारलं, "मजा येतेय का रे?" मान वर न करता म्हणाला, "मजा नंतर. मिशन राहिलीत. मामा, पैसे वाया जातील." ताईने खालून हाक मारली, "तूच पास घेऊन दिलास ना, आता तूच खाली आण त्याला."

मिशन म्हणजे काय तेही मी शेजारी बसून पाहिलं. अमुक बंदुकीनेच इतकं नुकसान करा, अमुक जागी इतक्या वेळा उतरा. त्यामुळे टीममधला एकजण शॉटगन घेऊन भलतीकडेच पळतो, दुसरा शेवटच्या सर्कलला (मैदान आवळत येतं तेव्हा) नदीत पोहत बसतो कारण त्याचं पोहण्याचं मिशन आहे. चार जणांनी मिळून जिंकायचा खेळ, आणि चौघे चार कामावर. हरले तरी कुणाला फारसं वाईट वाटत नाही. टक्का पुढे सरकला ना, बास.

तर शेवटच्या पानाकडे येतो. माझ्या मते पासाची किंमत अन्यायाची नाही, मुदत अन्यायाची आहे. पुण्यात शिकलेल्या कुणालाही मेसचं कार्ड आठवेल. महिन्याचे पैसे आगाऊ, पण गावी जाणार असाल तर काकूंना आधी सांगायचं, त्या वहीत खाडे लिहायच्या आणि तेवढी जेवणं पुढच्या महिन्यात वळती व्हायची. काकू कितीही कडक असोत, न जेवलेल्या जेवणाचं काय करायचं याचा काहीतरी नियम होता. आणि तिथे भाजी खरोखर वाया जात होती! बॅटल पासात तुम्ही आजारी पडा, परीक्षा येवो, घरात लग्न निघो, खाडा धरत नाहीत. बरं, ती स्किन ही सर्व्हरवरची फाइल. नासत नाही, जागा अडवत नाही, पुढच्या महिन्यात दिली तर कुणाचं काही जात नाही. तरी ती जाते, कारण ती जाणार या भीतीनेच पोरगं रोज येतं.

सगळ्यात हुशार डाव फोर्टनाइट या गेमचा. २०१७ च्या डिसेंबरात दुसऱ्या सीझनबरोबर त्यांचा पास आला, ९५० व्ही-बक्सचा (व्ही-बक्स म्हणजे त्या गेममधलं, पैसे देऊन घ्यायचं चलन). तेव्हा व्ही-बक्सचं सगळ्यात लहान पाकीट १००० चं होतं, म्हणजे ५० उरायचेच, आणि उरलेली चिल्लर डोळ्यांना टोचायचीच. पुढे पुढे पूर्ण पास चढला की दीड हजार व्ही-बक्स परत मिळू लागले. ऐकायला किती उदार! एकदा घ्या, नीट खेळा, पुढचा पास फुकट. माझ्या ओळखीतले बरेच जण याला पासाच्या न्याय्यपणाचा पुरावा मानतात. मला मात्र ही सगळ्यात घट्ट गाठ वाटते. पैसे परत मिळवायचे तर संपूर्ण सीझन हजेरी लावायची, आणि परत मिळालेले पैसे बाहेर काढता येत नाहीत, पुढच्या सीझनच्या हजेरीतच जातात. एक सीझन सोडला तर साखळी तुटते. सोडणार कोण? कंपनीला तुमचे पाचशे रुपये दर वेळी नकोच आहेत. गेममध्ये गर्दी हवी आहे, दुकानाच्या काचेसमोरून रोज जाणारी.

आणि पास न घेताही लेव्हल चढतच असतात, ही आणखी एक कळ. तुम्ही फुकट खेळता, पलीकडच्या रांगेतल्या वस्तू कुलूप लावून दिसत राहतात: 'तुम्ही तेवीस लेव्हल पूर्ण केल्यात, आत्ता घेतलात तर हे सगळं लगेच.' २००६ मध्ये नुनेस आणि ड्रेझ या दोन संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता, गाडी धुण्याच्या दुकानातला. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं, पण दोन आधीच मारलेले. दोघांनाही धुण्या आठच. कोरं कार्ड पूर्ण केलं १९ टक्क्यांनी, दोन शिक्के मारलेलं ३४ टक्क्यांनी. पासाची ती तेवीस लेव्हलची पाटी वाचली की मला ते दोन शिक्के दिसतात.

पण याच कळीचा आपल्या बाजूने उपयोग होतो, आणि भाच्याशी माझा आता तसाच करार आहे. पास सीझनच्या सुरुवातीला घ्यायचा नाही. शेवटच्या आठवड्यात घ्यायचा, तोवर जेवढं सहज खेळून झालंय त्यावर. मागच्या सगळ्या लेव्हलचं सामान एकदम मिळतं, काही वाया जायचा प्रश्न नाही, आणि यादीत मनासारखं काही नसेल तर घ्यायचाच नाही. कंपन्यांना हे माहीत आहे, म्हणून तर पहिल्याच दिवशी घेणाऱ्यांसाठी एखादा भारी ड्रेस लेव्हल एकवर ठेवलेला असतो. भाचा त्यावरून दर वेळी घासाघीस करतो. "मामा, सगळ्यांनी पहिल्या दिवशी घातलाय." सगळे म्हणजे वर्गातले तिघे, हे चौकशीअंती कळलं.

कायद्याचं काय, असं ऑफिसातले लोक विचारतात. २०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर आहे, पासाला तो लागत नाही, आणि लागू नयेच. जवळचं आहे ते ३० नोव्हेंबर २०२३ चं ग्राहक संरक्षण प्राधिकरणाचं डार्क पॅटर्नबद्दलचं नियमपत्र. त्यात तेरा प्रकार दिलेत, पहिलाच खोट्या घाईचा: 'दोनच खोल्या शिल्लक' छापाचा. क्लेमवाला म्हणून सांगतो, बॅटल पास यातून सुटेल. कारण घाई खोटी नाही. सीझन खरोखरच त्या तारखेला संपतो. ती तारीख विकणाऱ्यानेच, गरज नसताना, स्वतःच्या फायद्यासाठी ठरवली आहे एवढंच, आणि त्याला त्या यादीत नाव नाही. आपल्याकडे लहान मुलांसाठी मर्यादा घातल्या गेल्या नाहीत असं नाही. २०२१ मध्ये बीजीएमआय (पब्जीचा भारतीय अवतार) आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि खर्चाला दिवसाला सात हजार रुपये अशी मर्यादा जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार! ताईला सांगितलं तर तिने लाटणं खाली ठेवलं. युरोपात २०२५ च्या मार्चमध्ये ग्राहक संरक्षण यंत्रणांनी निदान एवढं म्हटलं की गेममधल्या चलनाशेजारी खऱ्या पैशातला भाव दिसला पाहिजे. आपल्याकडे तेवढं झालं तरी मी पेढे वाटीन.

मुदतीशिवाय पास विकताच येणार नाही, धंदा बसेल, असं मला एका गेमवाल्या मित्राने ऐकवलं. पण २०२१ चा हेलो इन्फिनिट हा गेम घ्या: पास घेतला की तो संपत नाही, पाहिजे तेव्हा चढा. २०२४ च्या फेब्रुवारीत आलेला हेलडायव्हर्स २ घ्या. त्यांच्या पासाला वॉरबाँड म्हणतात, एकदा घेतला की कायमचा, आणि त्यासाठीचं चलन गेममध्ये फिरताना सापडतंही. त्या वर्षी सगळीकडे तोच गेम चालला होता. उलट त्याच वर्षी जुलैमध्ये एपेक्स लेजंड्स या गेमने सीझनमागे एकाऐवजी दोन पास, आणि तेही गेममधल्या चलनाने नाही तर रोख पैशानेच, असं जाहीर केलं. खेळाडूंनी इतकी बोंब मारली की महिना संपायच्या आत रोखीची अट मागे घ्यावी लागली. म्हणजे ओरडलं की ऐकतात. मुदतीविरुद्ध मात्र अजून तशी एकजुटीने ओरड झालेली नाही. बहुतेक ओरडायला हवेत ते लोक मिशन पूर्ण करण्यात गुंतलेले असतात.

माझा एक वॉरबाँड अर्धवट पडलाय. ऑफिसात मार्चएंडची कामं उरकली की बघतो.